लांब कानाच्या माणसांचे डोळे

श्रावण निम्मा सरला की रोह्यात बसून मला पेणचा वास येतो. खोटं नाही सांगत. ओल्या प्लास्टरचा, डिस्टेंपरचा आणि मूर्ती वाळाव्यात म्हणून दिवसाढवळ्या पेटवून ठेवलेल्या बल्बांचा तापलेला वास. नवरा म्हणतो, तुझ्या नाकाला भास होतात. होत असतील. त्याच्या नाकाला वर्षभर कंपनीचाच वास येतो, त्याला काय कळणार म्हणा.

यंदा तो वास आला तेव्हा माझी लेक हॉलमध्ये कॉम्प्युटरवर खेळत बसली होती. पडद्यावर एक उंच, निमुळत्या कानांची बाई धनुष्य घेऊन रानातून चालली होती. मी भाजीची पिशवी हातात तशीच धरून मागे उभी राहिले आणि म्हटलं, "हिचे डोळे चुकलेत."

"काय चुकलंय?" लेकीनं वळूनही बघितलं नाही.

"ती कुणाकडेच बघत नाहीये."

"आई, ती एल्फ आहे."

"ठाऊक आहे मला. एल्फांना मी तुझ्या जन्माआधीपासून ओळखते."

आता मात्र बाईसाहेब वळल्या. मग भाजी राहिली बाजूला आणि मी तिला त्या सीझनची गोष्ट सांगत बसले. सीझन हा पेणचा शब्द. बाकी जगात आषाढ असतो, श्रावण असतो, पेणच्या कारखान्यांत मात्र गणपतीआधीचे दोन महिने म्हणजे नुसता 'सीझन'.

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी बारावीला गणितात गचकले होते. बाबा फर्स्ट शिफ्ट करून यायचे आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता जेवायचे. त्यापेक्षा दोन थपडा दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी आईनं निकाल लावला, "जा पेणला दत्ताकडे. त्याच्याकडं टीव्ही पण नाय. ऑक्टोबरपर्यंत गणित कर." दत्तामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, त्याचा गणपतीचा कारखाना. बिचाऱ्या आईला काय माहीत, की मामाच्या शेजारच्या घरात कुवेतहून कॉम्प्युटर येऊन पडलाय!

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. खाली पाटांवर आणि वर फळ्यांवर गणपतीच गणपती. कुणी अजून पांढरे, कुणाचं अंग रंगवलेलं, कुणाचा शेला सोनेरी झालेला. पण डोळे एकालाही नसायचे. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती करणारा एकच हात, मामाचा. शेडच्या टोकाला जुन्या साडीचा पडदा लावून तो आत बसे. पांढऱ्यावर बुबुळ, मग वरच्या पापणीची रेघ, एका दमात, न थांबता. तो आत असला की बाहेरचे कारागीर रेडिओ बारीक करत. त्या कामाचे त्याचे नियम होते. एका मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच बैठकीत आणि एकाच हातानं. आणि डोळे काढायचा सराव कुणी मूर्तीवर करायचा नाही. शेला रंगवायला शिका, दागिने शिका, उंदराला रंग लावायला शिका, पण डोळे येत असतील तरच काढा. "मग येणार कसे?" मी एकदा विचारलं होतं. मामा म्हणाला, "मला आले तसे," आणि ब्रश धुवायला निघून गेला.

शेजारचं घर रुबीनाचं. ती माझ्याच वयाची, बारावी व्यवस्थित पास झालेली, त्यामुळे आधी मला तिचा रागच यायचा. तिच्या अब्बांनी कुवेतहून कॉम्प्युटर पाठवला होता आणि तिच्या अम्मीनं त्याला झालर लावलेलं फुलाफुलांचं अंगडं शिवलं होतं. त्या खोलीत जाताना चपला बाहेर, ओले केस बाहेर, चहा तर दाराच्याही बाहेर. सोबत एका पाकिटात काही सीड्या आल्या होत्या, आणि त्यातली एक तो खेळ. नाव आता आठवत नाही, आठवलं तरी आम्ही त्याचा उच्चार चुकीचाच करायचो.

खेळ सुरू होण्याआधीच विचारायचा, तू कोण? माणूस, बुटका की एल्फ? गणिताच्या पेपरातही एवढा अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आम्ही माणूस सोडून दिला, माणूस तर आम्ही होतोच. बुटक्याला दाढी. राहिला एल्फ. पण एल्फ म्हणजे कोण? माझ्या शाळेच्या डिक्शनरीत होतं, खोडकर, बुटकं भूत, असलं काहीतरी. आणि पडद्यावर तर ही ताडमाड उंच, देखणी, शांत माणसं, कान आंब्याच्या पानासारखे टोकदार! डिक्शनरीवाल्यानं एल्फ बघितलाच नसणार असं रुबीनाचं मत पडलं.

"आमच्यात जिन असतात," ती म्हणाली. "पण जिनाचे कान कुणी बघितलेत?"

खेळात पुढे एक तळं लागायचं. तळ्यात फेअरी राहायच्या, पंखवाल्या, पाण्यावर नाचणाऱ्या. त्यांच्यात जाऊन बसलं की बाहेर किती दिवस गेले ते कळायचं नाही. त्यांचं काही नेलं तर त्या मागे लागायच्या. आणि लोखंडी तलवार काढली की दूर पळायच्या. मी ते वाचलं आणि मला काहीतरी ओळखीचं वाटलं. रोह्याला आमच्या घरामागच्या विहिरीवर सातीआसरा होत्या. सात बहिणी, पाण्यात राहणाऱ्या. टळटळीत दुपारी विहिरीवर जायचं नाही, हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. कुणी म्हणे एकदा त्यांच्यात जाऊन बसला, तो घरी आला तेव्हा त्याची बायको म्हातारी झालेली. हुबेहूब तीच गोष्ट! एवढ्या लांबच्या लोकांना आमच्या विहिरीतलं कुणी सांगितलं?

मामाला जेवताना मी हे सगळं सांगितलं. तो भाताचा घास तसाच धरून ऐकत राहिला.

"लोखंडाला घाबरतात?"

"व्हय, मामा."

"मग त्यात नवल काय गो? तू झालीस तवा तुझ्या आयशीच्या उशाखाली मीच कोयता ठेवलेला. ह्याच कारणासाठी." मग घास तोंडात घालून तो म्हणाला, "बघायला पायजेत ही माणसं."

"सीझन हाय, डोक्यावर काम हाय, आणि ह्यांना परी बघायच्यात," मामी म्हणाली. पण ती हसत होती. मामीला वाटत असे की यंदा मामा फार सावकाश चाललाय, कारण त्याला आता उगीच बारीक बघायची खोड लागलीय. कारखान्यात बिनडोळ्यांच्या मूर्तींच्या रांगा वाढत चालल्या होत्या आणि ती रोज सकाळी कॅलेंडरपुढं उभी राहायची.

मामा दुसऱ्याच दुपारी रुबीनाकडे आला. पाय धुऊन, डोकं पुसून, शर्टाची बटणं लावून आला, पाहुण्यांकडे जावं तसा. एल्फाला त्यानं बराच वेळ न्याहाळलं. आधी कान. कानांवर मामाचा अधिकारच, सगळा जन्म सुपाएवढे कान घासण्यात गेलेला. "कान चांगले उतरलेत," तो म्हणाला. "पण डोळे मेलेत."

आणि इथेच आमच्या हातात एक गंमत लागली. त्या खेळात आपल्या माणसाच्या चेहऱ्याचं चित्र आपल्याला स्वतः काढून घालता यायचं. ठरावीक मापाचं, चित्र काढायच्या प्रोग्रामात काढलेलं. मी आणि रुबीनानं आठवडाभर खपून एक एल्फीण काढली होती. केस हिरवट, कान झकास, नाक बरं. डोळ्यांच्या जागी दोन रिकामे बदाम. डोळे मामा काढील, असं मी परस्पर ठरवूनच टाकलं होतं.

मामानं खुर्ची पुढे ओढली आणि आम्हाला एकच विचारलं, "ही माणूस हाय का देव?"

मी रुबीनाकडे बघितलं, रुबीनानं पडद्याकडे.

"ते ठरल्याशिवाय डोळे कसे काढू? देवाची नजर वेगळी. तो समोर उभ्या असंल त्याच्याकडं बघतो, मग समोर कुणी का असंना. माणूस आपल्याला पायजे तिकडं बघतो."

"माणूस नाहीत, मामा," रुबीना म्हणाली. "सातशे-आठशे वर्षं जगतात."

"पण मरतात?"

"मरतात."

"मग देव नाय." मामानं हनुवटी खाजवली. "आठशे वर्षं जगणारा आपल्याकडं बघतो, तवा त्याला काय वाटत असंल? आपण पावसाळी किड्याकडं बघतो तसं? का जीव तुटत असंल त्याचा? आता ओळख झाली आणि लगेच चालले, असं?"

मला त्या वयात प्रश्नांचा कंटाळा होता, कारण माझे सगळे प्रश्न दहा मार्कांचे असत. हा मात्र मला आवडला. पुढं कितीतरी दिवस मी रस्त्यानं जाताना लोकांकडे एल्फ होऊन बघायची. भाजीवाली, एसटीचा कंडक्टर, वडखळच्या नाक्यावर पापड विकणाऱ्या बाया, सगळे थोडे दिवसांचेच, असं मनात धरून. एकदम सगळ्यांबद्दल माया दाटून यायची. गणिताच्या बाबतीत मात्र हा उपाय चालला नाही.

"आसरांच्या जातीतली असतील," शेवटी मामानं ठरवलं. "पण पंचाईत अशी, की आसरांना कधी कुणी डोळे काढलेच नायत. सात दगड, शेंदूर लावला की झालं. म्हणजे ह्या कामात आपणच पयले." हे म्हणताना तो इतका खूश झाला की मला हसू आलं.

त्यानं माउस हातात घेतला. पडद्यावर रेघ उमटली ती नागमोडी. त्यानं पुसली. पुन्हा काढली, पुन्हा तशीच. त्या प्रोग्रामात तीनच वेळा मागं जाता यायचं, चौथी चूक कायमची. मामानं तिन्ही वेळा वापरल्या. "हा उंदीर बाप्पाचं ऐकत असंल, माझं नाय ऐकत," तो म्हणाला आणि हसला. आम्हीही हसलो. नव्या माणसाचा माउस असाच चालतो, माझाही चालला होता.

मग रुबीनाच्या अम्मीनं चहा आणला. मामा नियमाप्रमाणे दाराबाहेर ओट्यावर जाऊन बसला आणि मी त्याच्या बाजूला. त्यानं बशी उचलली. कप बशीत वाजायला लागला, बारीक, थांबेना. त्यानं ती खाली ठेवली. चहावर एक माशी येऊन बसली तरी त्यानं कपाला हात लावला नाही.

"कधीपासून, मामा?"

"शिमग्यापासून." तो समोरच्या गटाराच्या पाण्याकडे बघत होता. "सकाळी थोडं बरं असतं. डाव्या हातानं मनगट धरलं की दोन-चार मूर्ती होतात. मामीला बोलू नको, बाय."

मामाचा हात म्हणजे काय, ते मला त्या दोन महिन्यांत कळलं होतं. लोक जित्याहून, अलिबागकडून यायचे ते त्या डोळ्यांसाठी. शेले काय, कुणीही रंगवतं. मामाला दुसरं काही येत नव्हतं आणि त्याला दुसरं काही व्हायचंही नव्हतं. गणपती तोंडावर आले होते, आणि पडद्याबाहेर आंधळे देव रांगेनं उभे. मला सरळ सरळ भीती वाटली. माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी.

पण मामा रोज दुपारी रुबीनाकडे येतच राहिला. मला कळेना, कारखान्यातलं काम टाकून हा माणूस एल्फिणीच्या मागे का लागलाय? मला तर थोडा रागही आला. एके दिवशी तो खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "तू बस. मी सांगतो तसं कर."

मी बसले. तो मागे उभा राहिला. "आधी खांदा सैल सोड. रेघ हातानं नाय, खांद्यानं येते. आतल्या कोपऱ्यातून बाहेर. श्वास घे. आता सोड, आणि सोडता सोडता रेघ ने. मधी थांबू नको. थांबलीस गो! पूस."

पुसलं. पुन्हा. पुन्हा. लाइट गेली की सगळं गेलं आणि उद्या पहिल्यापासून. आठ-दहा दिवस हेच चाललं. बुबुळ जरा वर ठेव, पापणीला थोडं लागू दे. खालची रेघ बारीक, जवळजवळ नसल्यासारखी. रुबीना बिचारी खेळ सोडून बाजूला पुस्तक वाचत बसायची. आणि एका दुपारी रेघ आली. कशी आली ते मला आजही सांगता येणार नाही. दुसरा डोळाही त्याच दमात आला. मामानं नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

रुबीनानं चित्र खेळात घातलं. एल्फीण हिरवे केस सोडून, पाठीला भाता बांधून रानात उभी राहिली आणि तिनं आमच्याकडे बघितलं. रुबीना किंचाळलीच.

"अगो, ही तर गणपतीसारखी बघतेय!"

आणि खरंच की. टोकदार कानांमध्ये पेणचा बाप्पा बसला होता. एवढे प्रेमळ डोळे घेऊन ती पुढे राक्षसांना बाण मारत सुटली, राक्षस मरायचे आणि ही त्यांना आशीर्वाद दिल्यासारखी बघायची. आम्ही दोघी हसून हसून आडव्या झालो. अशी चूक साऱ्या जगात फक्त पेणकरांच्याच हातून होणार! मी डोळे पुसत मागं बघितलं. मामा हसत नव्हता. तो फार शांतपणे ते डोळे तपासत होता, डावा, मग उजवा.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यानं एल्फाचे डोळे मला सांगितलेच नव्हते.

"मामा, फसवलंस मला!"

"मूर्तीवर शिकता येत नाय, बाय," तो म्हणाला. "हिच्यावर चालतं. हिला कुणी नमस्कार नाय करणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला पडद्याआड नेलं. समोर एक वीतभर उंचीची मूर्ती होती. मी म्हटलं, मी नापास झालेली मुलगी आहे, मामा, माझ्यावर काय भरवसा? तो म्हणाला, "तिथं गणितात झालीस ना? इथं गणित नाय." इथं तीन वेळा मागं जाता येणार नव्हतं. एकदाही नाही. मी खांदा सैल सोडला, श्वास घेतला, आणि सोडता सोडता रेघ नेली.

त्यानंतर रोज सकाळी मी आत असायची. बाहेर सांगितलेलं, पोरगी रंग कालवून देते. कारागीर रेडिओ बारीक करत ते मामासाठी. मी त्याला बजावून ठेवलं होतं, कुणाला सांगू नकोस, तुझं नाव राहू दे. तोही मान डोलवायचा. रांगेतल्या मूर्ती एकेक करून बघायला लागल्या. दुपारी मी रुबीनाकडे जाऊन एल्फीण घेऊन रानात फिरायची आणि मला वाटायचं, ही आणि मी, दोघी सारख्याच. चेहरा आपला, नजर दुसऱ्याकडून आलेली. रुबीना आता कुवेतला असते. मध्ये एकदा तिनं विचारलं, आपली ती तळ्यापाशी राहिलेली गं, पुढं काय झालं असेल तिचं? मलाही तो प्रश्न पडतो. आठशे वर्षं जगणारी आहे, असेल तिथंच कुठंतरी.

लेकीनं इथं मला मध्येच अडवलं. "पण मग मामाआजोबांचं काय झालं? कळलं का लोकांना?"

कळलं. गणपतीच्या चार दिवस आधी जित्याचे एक म्हातारे पाटील मूर्ती न्यायला आले. मामाच्या वडिलांच्या वेळेपासून ते इथूनच मूर्ती नेत. शेड गिऱ्हाइकांनी भरलेली, टेम्पो दारात, मामी पावत्या फाडत उभी. पाटलांनी मूर्तीवरचं फडकं उचललं आणि बराच वेळ डोळ्यांकडे बघत राहिले. मग हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दत्ताशेठ, यंदा हात बदललाय."

मी पडद्याच्या कडेला उभी होते. मामाला म्हणता आलं असतं, नाय हो, ऊन-सावलीत तसं दिसतं. हसण्यावारी नेता आलं असतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, ने ना हसण्यावारी, मामा!

"व्हय, बदललाय," मामा म्हणाला. "माझा हात गेला, पाटील. आता रेघ येत नाय. यंदाचे बहुतेक डोळे भाचीनं काढलेत, ह्याचेबी. पटत नसंल तर मूर्ती ठेवून जा, मला वाईट नाय वाटायचं."

पाटलांनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा मूर्तीकडे. "पटत नाय असं मी कुठं बोललो?" ते म्हणाले. त्यांनी फडकं नीट झाकलं, मूर्ती छातीशी धरली आणि टेम्पोकडे निघाले.

मामीनं पावतीबुक टेबलावर ठेवलं, गिऱ्हाइकांच्या गर्दीतून वाट काढत ती मामापाशी आली आणि सगळ्यांसमोर तिनं त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो थरथरत होता, तिच्या हातांतही थांबला नाही.

"एवढे दिस एकट्यानं?" ती म्हणाली. "मला नाय सांगायचं?"

मामाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं. आणि मामी त्याचा हात तसाच धरून गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाली, "पुढचं कोण? या."